पोत्यातला एक दाणा



१९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत मक्याची कणसं शेतात उभी असताना अवकाळी पावसानं गाठलं. मका भिजला, बुरसला, आणि तोच खाल्ला गेला, कारण दुसरा नव्हता. मग गावोगाव कावीळ. पोटात पाणी व्हायचं आणि माणूस जायचा. शंभराहून अधिक माणसं दगावली. पण घरची कुत्रीही तशीच आजारी पडत होती. आता माणसाची साथीची कावीळ कुत्र्याला कशी होईल? दोघांत सामाईक होता तो मका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं छडा लावला : अफ्लाटॉक्सिन, बुरशीचं विष. भाकरी कितीही खरपूस भाजा, ते जात नाही.

आपल्याकडे धान्यात या विषाची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे १० क्विंटल मक्यात अवघे १५ मिलिग्रॅम! आजची यंत्रं एवढंसं विष बिनचूक मोजतात. घोडं अडतं ते त्याआधी.

विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे निर्मळ आणि एखादाच विषानं भरलेला. मक्याच्या एकेका दाण्यात किलोला ४,००,००० मायक्रोग्रॅम या हिशेबानं विष सापडलेलं आहे. असा ०.३ ग्रॅमचा एक दाणा सात-आठ किलो स्वच्छ मक्यात टाका, मर्यादा गाठलीच. आता पोत्यात टोकदार पन्हळी नळी खुपसून काढलेल्या मूठभर धान्यात तो दाणा येईल कशावरून? म्हणून युरोपीय नियमांत मोठ्या मालातून १०० ठिकाणचं थोडं थोडं मिळून १० किलो घेतात. ते सगळं बारीक दळायचं, कालवायचं, मग त्यातलं चमचाभर तपासायला. दळण्याचा कंटाळा केला की पुढचं यंत्र लाखाचं असो की कोटीचं, आकडा खोटाच.

बाजरीवरच्या अरगट या बुरशीचं प्रकरण त्या मानानं सरळ. बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकलं की अरगटाच्या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या. मक्यातलं हे विष असं तरंगून पुरतं वेगळं होत नाही. अतिनील दिव्याखाली दाणा हिरवट-पिवळा चमकला तरी ती चमक विषाची नव्हे, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका आम्लाची. तिच्यावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये. झटपट चाचणीच्या पट्टीवर तर उलटाच न्याय : विष जितकं जास्त, तितकी तपासणीची रेघ फिकी. प्रयोगशाळेतली नवखी मुलं हमखास फसतात.

एकदा आमच्या प्रयोगशाळेत एक काका रुमालात मूठभर मका बांधून आले. म्हणाले, "एवढा बघा, घरी चाळीस पोती आहेत." मी म्हटलं, "काका, ही मूठ चांगली आहे असं लिहून देतो. पोत्यांचं नाही देता येणार." ते म्हणाले, "मग कोंबड्यांना घालू का नको?" मी त्यांना पुन्हा घरी पाठवलं, चाळीसही पोती उघडायला.