ओंगोलची मंडळी आणि दुष्काळाचे दिवस
(प्रार्थनासभेत केलेल्या भाषणावरून)



गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर आम्ही धान्य वाटत होतो. रांगेतल्या एका आजींनी पिशवी घेण्याआधी मला हळूच विचारले, हे घेतले तर रविवारी प्रार्थनेला यावे लागेल का? मी नाही म्हटले. पण त्यांना तसे वाटले यात त्यांची चूक नव्हती. वाटपाआधी आम्हीच सगळ्यांना बसवून अर्धा तास वचन सांगितले होते. घरी परतताना मला ओंगोलची मंडळी आठवली.

ओंगोल आंध्रात, नेल्लोरच्या उत्तरेला. अमेरिकन बॅप्टिस्टांचे तेलुगू मिशन नेल्लोरला १८४० मध्ये सुरू झाले. फळ इतके थोडे, की ते बंद करावे काय यावर अमेरिकेत पुन्हा पुन्हा चर्चा झाली. १८६६ मध्ये जॉन क्लफ ओंगोलला आले आणि १ जानेवारी १८६७ रोजी तेथे मंडळी स्थापन झाली. सभासद होते आठ!

ती वाढली ती मुख्यतः चामड्याचे काम करणाऱ्या मादिगा लोकांमधून. येर्रगुंटला पेरय्या आणि त्यांची पत्नी नागम्मा यांनी १८६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पेरय्या गावोगाव आपल्याच नातलगांना सुवार्ता सांगत फिरले. मिशनरी पोहोचण्याआधी पुष्कळ ठिकाणी पेरय्या पोहोचलेले असत. विश्वासात आलेल्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडले, गावच्या जत्रेत ढोल वाजवायचे नाकारले, रविवारी काम नको म्हणाले. त्यासाठी त्यांचा छळही झाला. गावातल्या उच्चवर्णीयांनी क्लफसाहेबांना सुचवले, की या लोकांना घेऊ नका, मग आम्ही येऊ. साहेब आणि त्यांच्या पत्नी वेगवेगळ्या खोल्यांत प्रार्थना करीत होते आणि दोघांनाही पवित्र शास्त्रात एकच जागा सापडली, असे सांगतात: करिंथकरांस पहिले पत्र, १:२६ ते २९. मादिगांसाठी दार उघडेच राहिले.

मग १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ आला. क्लफ पूर्वी जमीनमोजणीचे काम केलेले. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांचे खोदकाम ठेक्याने घेतले आणि उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली. मंडळीचे उपदेशक मुकादम झाले. विसाव्याच्या वेळी ते मजुरांजवळ बसत, वचन सांगत. लोक बाप्तिस्मा मागू लागले.

आणि क्लफसाहेबांनी तो दिला नाही. एक वर्षाहून अधिक काळ एकालाही नाही. पोटासाठी कोणी ख्रिस्ती झाला असे होऊ नये, आणि तसे म्हणायलाही कोणाला जागा राहू नये, म्हणून. मिशनरीला हे किती जड गेले असेल! मदतीचे काम संपल्यावर, आता देण्यासारखे काही उरलेले नसताना, लोक पुन्हा आले. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीवर २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा देशी उपदेशक, एका वेळी दोघे पाण्यात. साहेबांनी स्वतः त्या दिवशी कोणालाही बाप्तिस्मा दिला नाही.

२,२२२ हा आकडा आपण सभांमधून मोठ्या अभिमानाने ऐकतो. त्याआधीचे ते बंद ठेवलेले वर्ष मात्र क्वचितच कोणी सांगतो. मला ते वर्षच अधिक मोलाचे वाटते.

आम्ही आता वाटपाच्या दिवशी उपदेश करीत नाही. धान्य द्यायचे, चौकशी करायची, निघायचे. प्रार्थना दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी असते, आणि ज्याला यायचे तो येतो. आमच्यातल्या काहींना हे पटलेले नाही; समोर एवढी माणसे बसलेली असताना गप्प कसे राहायचे, असे ते विचारतात, आणि त्यांची तळमळ खोटी नाही.

त्या आजी पुढच्या दोन्ही वाटपांना आल्या. प्रार्थनेला अजून आलेल्या नाहीत. त्यांची पिशवी आम्ही बाजूला काढून ठेवतो, कारण त्यांना चालत यायला उशीर होतो.