मोठी पाइपलाइन फुटण्याआधी



किल्लारीची ३० खेडी पाणीपुरवठा योजना माकणीच्या निम्न तेरणा धरणावरची. अशा योजनेची मोठी लाइन धरणापासून गावच्या टाकीपर्यंत जाते ती तुमच्याच रानातून. ती फुटली की पुढच्या सगळ्या गावांचं पाणी बंद होतं.

धरणच आटलं तर इलाज नसतो. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. आता हिशेब करा. वीस मीटर उंच टाकीएवढा दाब लाइनमध्ये आहे आणि जोडाला एक सेंटीमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला पन्नास-पंचावन्न लिटर पाणी जातं. लाइन रोज सहाच तास चालली तरी वीस हजार लिटर. पंचवीस दिवसांत ती अख्खी गाडी जमिनीत जिरली, आणि कुणाला पत्ता नाही!

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्याबरोबर पाइप वर-खाली होतो आणि जोड ढिले पडतात. म्हणून माघ-फाल्गुनात, भेगा पडू लागताच, लाइन एकदा पायी चालून पाहावी. सगळं रान वाळलेलं असताना एकाच पट्ट्यात हरळी किंवा लव्हाळा हिरवागार दिसला, माती खचली किंवा पाय रुतला, तर तिथं खूण म्हणून काठी रोवा व पाणीपुरवठा समितीला कळवा. स्वतः कुदळ मारू नका. दाबाखालचा जोड उघडा पडला तर निसटतो. शंका असली तर रात्री सामसूम झाल्यावर लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसरं कानाला लावावं. गावाकडचं पाणी बंद असूनही फुसफुस ऐकू आली, तर जवळपास गळती आहे असं समजावं.

एअर व्हॉल्व्हबद्दल स्पष्टच बोलतो. जनावरांना पाणी हवं म्हणून तो ढिला करणारे आहेत. गरज खरी आहे, नाकारत नाही. पण लाइन भरताना हवा बाहेर सोडणं आणि रिकामी होताना आत घेणं हे त्याचं काम. तो बिघडला की कोंडलेली हवा पाण्याची वाट अडवते. शिवाय लाइन रिकामी होताना चेंबरमधलं शेणा-मुताचं पाणी त्याच वाटेनं आत ओढलं जातं, अन् तेच पुढं घागरीत येतं. जनावरांसाठी समितीकडून रीतसर हौद मागून घ्या.

लाइनीवर बाभूळ, लिंब लावू नका. ट्रॅक्टरवाल्याला खोल नांगरटीआधी लाइन दाखवा. ओढ्याच्या पात्रात पाइप उघडा पडला असेल तर पहिल्या पुराआधी कळवलंच पाहिजे.

समितीच्या सभासदांनी पंपघरातल्या दाबाच्या काट्याचा आकडा रोज वहीत लिहून घ्यावा. पंप तोच, चालायची वेळ तीच, व्हॉल्व्ह नेहमीसारखेच उघडे आणि आकडा मात्र उतरला, तर त्याच दिवशी माणूस लाइनीवर धाडावा. मोठे व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी फिरवून पाहावेत. नाहीतर लाइन फुटते त्या दिवशी ते जाम झालेले असतात आणि पाणी थांबवता येत नाही. वीज आल्याबरोबर रिकामी लाइन एकदम भरू नका. व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा, आणि बंद करतानाही घाई नको. धावतं पाणी एकाएकी अडवलं की त्याचा हातोडा बसतो, आणि तो बसतो नेमका ढिल्या जोडावर.