पाडवी की पडवी? प्लॅस्टिकवर नाव कोरण्याआधी

कानात हेडफोन, हातात चहा, असं ऐकत असाल तर उत्तम. बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज मशीनबद्दल बोलायचंय.

माझ्यासमोर आत्ता टेबलावर एक बॅज आहे. सत्तर मिलिमीटर लांब, वीस मिलिमीटर रुंद, काळा, त्यावर पांढरी अक्षरं. पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी असते ना, साधारण तशीच. कोरीवकाम एकदम स्वच्छ, कडा गुळगुळीत. आडनाव मात्र लिहिलंय 'पडवी'. पडवी म्हणजे घराची ओसरी. ज्या ताईंसाठी तो बनवला, त्यांचं आडनाव पाडवी.

ही चूक माझी. आज तीच गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्या निमित्ताने प्लॅस्टिकच्या पाट्या आणि बॅज कसे कोरतात, कुठलं प्लॅस्टिक चालतं, कुठलं जीवावर येतं, हे सगळं. नंदुरबार, शहादा, नवापूर भागात बरीच पोरं ऑनलाइन छोटी लेझर मशीन मागवून हा धंदा सुरू करतायत. त्यांच्यासाठी तर खास.

तर, माझ्या मामाचं नंदुरबारला रबरी शिक्के आणि नेमप्लेटचं दुकान आहे. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण घरून काम सुरू झाल्यापासून संध्याकाळी दुकानात बसतो. मामाकडे दोन मशीन आहेत. एक राउटर, म्हणजे फिरणाऱ्या बारीक बिटने कोरणारं. दुसरं सीओटू लेझर.

आधी माल समजून घेऊ. बॅजची शीट दोन थरांची असते. बाजारात तिला डबल कलर शीट म्हणतात. वरचा थर अगदी पातळ, समजा काळा. खालचा जाड थर पांढरा. पूर्ण शीट साधारण दीड मिलिमीटरची. आपण पांढरा रंग भरत नाही, फक्त वरचं काळं काढतो आणि खालचं पांढरं उघडं पडतं. म्हणून अशी पाटी वर्षानुवर्षं टिकते. छापलेली अक्षरं घासून जातात, कोरलेल्या अक्षरांचा रंग प्लॅस्टिकच्या आतलाच असतो.

आता ही शीट कशाची बनलीय, त्यावर मशीन ठरतं. एबीएसची शीट राउटरवर मस्त चालते. लेझरखाली तीच कडेला वितळते, काजळी धरते आणि तिचा धूर विषारी असतो. अ‍ॅक्रिलिकची दोन थरी शीट लेझरला छान. मागताना दुकानदाराला नुसतं 'डबल कलर द्या' म्हणू नका, 'लेझरची की राउटरची' हे विचारा.

राउटरवर नवीन पोरं एक चूक हमखास करतात. घाबरून बिट हळू चालवतात. वाटतं, हळू म्हणजे सफाई. होतं उलटं. बिट एकाच जागी घासत राहतं, उष्णता वाढते, प्लॅस्टिक वितळून बिटलाच चिकटतं आणि अक्षराच्या कडेला गुठळ्या येतात. बिटने भुसा काढला पाहिजे, लोणी नाही. धार चांगली ठेवा, बिट पुढे सरकत राहू द्या.

साध्या एकरंगी अ‍ॅक्रिलिकचेही दोन प्रकार आहेत. कास्ट आणि एक्स्ट्रूडेड. दिसायला सारखेच. लेझरने कोरलं की कास्टवर दुधी पांढरी अक्षरं उमटतात. एक्स्ट्रूडेडवर अक्षर जवळपास पारदर्शकच राहतं, लांबून वाचता येत नाही. केबिनच्या दारावरच्या पारदर्शक पाटीसाठी मागच्या बाजूने उलटं, आरशातल्यासारखं कोरतात आणि खाचेत रंग भरतात. समोरून हात लावला तर गुळगुळीत काच, अक्षर आत सुरक्षित.

आणि हो, स्वस्तातली निळी डायोड लेझर घेतली असेल तर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक तिच्याने कापलं जाणार नाही. तो निळा प्रकाश काचेतून जावा तसा आरपार जातो. सीओटू लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण तो अ‍ॅक्रिलिक शोषून घेतं. मशीनमध्ये बिघाड नाही, प्रकाशाचा प्रकारच वेगळा आहे.

आता जरा गंभीर मुद्दा. पीव्हीसी.

आपल्या जिल्ह्याला प्लॅस्टिकच्या कार्डाचं नवल नाही. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. 2020 पासून आधारचं पाकिटात मावणारं कार्डही मिळतं, ते पीव्हीसीचं. छापायला पीव्हीसी छान माल आहे. लेझरखाली मात्र तो कधीच घालायचा नाही. कधीच म्हणजे कधीच.

कारण सांगतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, साधारण 57 टक्के, क्लोरीन असतं. लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो ओलाव्याला भेटला की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. ओलावा तुमच्या घशात असतो, डोळ्यात असतो आणि मशीनच्या लोखंडावरही असतो.

हे मला पुस्तकातून कळलं असं नाही. दुकानात सनबोर्डचा एक तुकडा पडला होता. पांढरा, हलका, पाट्यांची उठावदार अक्षरं बनवतात तो. मी म्हटलं, बघू लेझरने कसा कापला जातो. सनबोर्ड म्हणून जे सर्रास विकलं जातं ते फुगवलेलं पीव्हीसीच असतं, हे मला माहीत नव्हतं. अर्ध्या मिनिटात घशात कोणीतरी सुई टोचावी तसं झालं. मामा मागच्या खोलीत होता, खोकत बाहेर आला. तोंडाला रुमाल बांधला होता आम्ही, पण रुमालाने वायू अडत नाही, कापडी मास्कनेही नाही. मशीन बंद करून रस्त्यावर येऊन उभे राहिलो. काही दिवसांनी मशीनच्या पट्ट्यांवर गंज दिसला. मामा मला काही बोलला नाही, फक्त पट्ट्या पुसत राहिला. त्याचा दम त्या आठवड्यात बराच लागत होता. अजूनही तो खोकला की मला तो तुकडा आठवतो.

म्हणून नियम: माल ओळखीचा नसेल तर लेझरखाली जाणार नाही. सनबोर्ड, विनाइल स्टिकर, रेक्झिन, हे सगळं बाहेर. शंका असेल तर तांब्याच्या तारेची जुनी परीक्षा आहे. तार लाल तापवायची, प्लॅस्टिकला टेकवायची, मग परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असण्याची दाट शक्यता. पण हे मोकळ्या हवेत, पक्कडीने धरून, कणभर तुकड्यावर. आणि माल चांगला असला तरी धूर बाहेर नेणारा पंखा हवाच. अ‍ॅक्रिलिक पेटूही शकतं, त्यामुळे मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही.

बरं, माल झाला. आता अक्षरं. इथे आपल्या देवनागरीची गंमत आहे.

नवापूर स्टेशन पाहिलंय? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या पाट्यांवर मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी दिसतात. नीट बघा, गुजरातीला शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षर सुटं. मामा सांगतो, गुजराती पाटी कोरताना कधी त्रास होत नाही, मराठीत होतो. मला कारण सापडलं तेव्हा एखादा बग सापडल्यासारखा आनंद झाला.

फॉन्टमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, म्हणजे शिरोरेषा सलग दिसावी. स्क्रीनवर ठीक दिसतं. पण कोरणारं सॉफ्टवेअर बाह्यरेषा मोजतं. एक रेषा ओलांडली की 'आत', दुसरी ओलांडली की 'बाहेर'. जिथे दोन रेघा एकमेकांवर आल्या, तो भाग त्याला 'बाहेर' वाटतो आणि तो कोरतच नाही. मग शिरोरेषेत जागोजागी काळे चौकोन राहतात, दात पडल्यासारखे. उपाय एका क्लिकचा आहे. अक्षरांचे कर्व्ह करा आणि वेल्ड करा. कोरल ड्रॉमध्ये आहे, लाइटबर्नमध्येही आहे. सगळ्या अक्षरांची मिळून एक बाह्यरेषा झाली की विषय संपला.

दुसरा मुद्दा बिटच्या जाडीचा. ध आणि घ, भ आणि म, यांच्यात फरक केवढा? डोक्यावरची रेघ डावीकडे उघडी की बंद, एवढाच. लहान बॅजवर ती फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उरते. बिट जाड असेल तर मधली काळी भिंत तुटून पडते आणि फट बुजते. धडगावचं 'घडगाव' होतं! म्हणून लहान बॅजला ठळक फॉन्ट नको, मध्यम घ्या. अक्षरांत थोडं अंतर द्या आणि एक नमुना कोरून हातभर अंतरावरून वाचा.

आता परत त्या पहिल्या बॅजकडे.

अंगणवाडी सेविकांच्या एका कार्यक्रमासाठी 34 बॅजची ऑर्डर आली होती. नावांची यादी इंग्रजीत, एक्सेलमध्ये. मी इंजिनियर माणूस, हाताने कशाला टाइप करतोय! छोटी स्क्रिप्ट लिहिली, इंग्रजीतून मराठी करणारी. दहा मिनिटांत 34 नावं तयार. मामा म्हणाला, "एकदा कोणाला तरी दाखव." मी म्हटलं, "मामा, कॉम्प्युटर आहे, चुकत नाही."

इंग्रजीत पाडवी आणि पडवी एकसारखंच लिहितात. वळवीतला ळ इंग्रजीत येतच नाही, तो 'ल' झाला. पावरा होते त्यांचं 'पवारा' झालं. आपल्याकडच्या आदिवासी घरांतली ही रोजची आडनावं. शाळेत हजेरीला मी हीच ऐकत मोठा झालो, आणि स्क्रीनवर चुकीची पाहूनही माझी नजर अडली नाही. मी फक्त अलाइनमेंट तपासत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी बॅज द्यायला मीच गेलो. एका ताईंनी बॅज हातात घेतला, वाचला, आणि साडीला न लावता पर्समध्ये ठेवला. मी विचारलं, "ताई, पिन नीट नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही भाऊ, पिन चांगली आहे. नाव माझं नाही. पण राहू द्या, चालतं. सवय आहे."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. 'सवय आहे' हे ऐकून मला काही बोलता येईना.

कोडमध्ये चूक झाली तर रात्रीतून दुरुस्त करता येते. कोरलेल्याला कंट्रोल झेड नाही. चुकलेलं मागे घेता येत नाही, नवीन शीट घ्यावी लागते. आम्ही यादी परत केली आणि प्रत्येकीकडून तिच्याच हाताने मराठीत लिहिलेलं नाव मागवलं. वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. ते बघून टाइप केलं, वेल्ड केलं, कागदावर खऱ्या मापात छापलं, तो फोटो ज्याच्या त्याला पाठवला. 'बरोबर' असं उत्तर आल्यावरच मशीन चालू. सगळे 34 नव्याने, पैसे न घेता.

त्या ताईंनी नवीन बॅज वाचला, तिथेच साडीला लावला आणि कामाला लागल्या. मला काही म्हणाल्या नाहीत. जुना बॅज मात्र मी मागून घेतला. तोच हा, टेबलावर असतो.

तर मित्रांनो, मशीन घ्या, धंदा करा, जरूर करा. फक्त कोरण्याआधी दोन गोष्टी विचारा. मालाला विचारा, तू कशाचा? आणि माणसाला विचारा, तुमचं नाव तुम्ही कसं लिहिता?

तुमचं नाव कुठे चुकीचं छापलं किंवा कोरलं गेलंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू!