निकेल जागेवर का राहत नाही?

जूचंद्रमधून बोलतोय. दिवाळीत आमच्या गावातल्या रांगोळ्या बघायला लांबून लोक येतात, तुमच्यापैकी कुणी आलाही असाल. गुळगुळीत लादीवर रांगोळी सरकते, खरखरीत जमिनीवर नीट बसते. आजचा विषय तोच आहे, फक्त रांगोळीच्या जागी निकेल आणि तापमान ८०० अंश.

ट्रॉम्बे आणि थळला आरसीएफचे खत कारखाने आहेत. युरियाला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, आणि तो काढतात नैसर्गिक वायूतल्या मिथेनमधून. निकेलचा उत्प्रेरक भरलेल्या तापलेल्या नळ्यांतून मिथेन आणि वाफ सोडायची. मिथेनच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीन मिळतात, सोबत एक कार्बन मोनॉक्साइडचा. ऱ्होडियमसुद्धा हे काम झकास करतं, पण भाव ऐकलात तर निकेलच बरं म्हणाल.

निकेल वितळतं १४५५ अंशांना. पण साधारण ६०० च्या पुढेच त्याचे बारीक कण सरकू लागतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात. पृष्ठभाग घटला की काम घटलं. त्यात काजळी! मिथेनमधला कार्बन कणावर साठतो, केसांसारखे तंतू वाढतात, कणाला आधारावरून उचलतात, शेवटी नळी तुंबते. (आमच्याकडे लॉग फाइल्सनी डिस्क भरते आणि रात्री तीनला फोन येतो, तसंच.) मोठ्या कणांवर काजळी जास्त धरते, म्हणजे पहिलं दुखणं दुसऱ्याला बोलावतं.

जास्त वाफ सोडली की काजळी कमी होते, पण वाफ करायलाही इंधन जळतं. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर दोन्ही हरितगृह वायू कामी लागतील. फक्त तिथे काजळी आणखी वाढते.

पुण्याच्या एनसीएलमध्ये वसंत चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात निकेल ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जोडीवर बरंच काम केलं. या दोघांची स्फटिकरचना आपल्या खाडीकाठच्या मिठासारखीच, आणि आयनही जवळजवळ सारख्या मापाचे. त्यामुळे निकेल आत मिसळून जातं. हायड्रोजन दिला की त्यातलं थोडंच बाहेर येतं, तेही बारीक कणांत, आणि मागच्या ऑक्साइडला धरून राहतं. वर मॅग्नेशियम ऑक्साइड अल्कधर्मी, कार्बन डायऑक्साइडला जवळ ओढतं, आणि त्यातून काजळी साफ व्हायला मदत होते.

पण फार घट्ट बसलं तर निकेल बाहेरच येत नाही, मग काम कोण करणार? सगळी कसरत तिथे आहे. म्हणून अशा उत्प्रेरकाचा आलेख दिसला की मी पहिल्या तासाचे आकडे सोडून थेट उजवा कोपरा बघतो: शंभर तासांनी किती उरलं?