अंतर्गळ : लपविण्याजोगा आजार नव्हे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक, वैद्य नव्हे. तरीही आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा लोक लाजेपायी घरातही ज्याचा उच्चार करीत नाहीत असाच विषय आम्ही निवडला. तो म्हणजे अंतर्गळ. आपण त्याला हर्निया म्हणतो.

सायकलचा टायर एके ठिकाणी फाटला की आतली ट्यूब तेथून फुगा होऊन डोकावते. पोटाच्या भिंतीचेही तसेच. जांघेपाशी, बेंबीपाशी किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणापाशी ती दुबळी झाली की आतील चरबी किंवा आतडे पुढे येते. खोकताना, ओझे उचलताना फुगवटा दिसतो आणि बहुधा निजल्यावर आत जातो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ व लघवीला कुंथावे लागणे यांनी तो वाढतो. जांघेतील अंतर्गळ चार पुरुषांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी होतो. मग लाज कसली? स्त्रियांनाही तो होतो, आणि मांडीच्या मुळाशी होणारा त्यांच्यातील प्रकार लवकर अडकतो.

पट्टा बांधल्याने फुगा दबतो, चीर सांधत नाही. तान्ह्या मुलाच्या बेंबीवर नाणे बांधणेही व्यर्थच. बेंबीचा फुगवटा बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप जातो. मुलाच्या जांघेतला मात्र तसा जात नाही. तो विनाविलंब डॉक्टरांस दाखवावा.

खरे भय आतडे अडकण्याचे. फुगवटा कठीण होऊन आत जाईना, असह्य वेदना, उलट्या, वायू व शौच बंद, अशी चिन्हे दिसताच त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. चोळू नये, दाबू नये. रक्तपुरवठा तुटलेले आतडे काही तासांत मरते, आणि मग प्रश्न प्राणाचा होतो.

आता शस्त्रक्रियेविषयी. इटलीतील पादुआ येथील बासिनी यांनी 1887 साली स्नायू टाक्यांनी शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज बहुधा तेथे जाळीचे ठिगळ लावतात. त्यामुळे ताण पडत नाही व आजार उलटण्याचा संभव घटतो. काम चिरा देऊन किंवा दुर्बिणीने होते. भूल कधी तेवढ्या जागेपुरती, कधी कमरेतून, कधी संपूर्ण देतात. मधुमेह, दमा, रक्त पातळ करणारी औषधे हे सारे आधी सांगावे आणि विडी-सिगारेट सोडावी. पुष्कळ रोगी त्याच दिवशी चालू लागतात व त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. थोडी सूज, काळेनिळेपणा, बधिरपणा राहतो. त्याने घाबरू नये. ताप, पू किंवा वाढती वेदना असल्यास परत दाखवावे. नमाजात सजदा जड जात असेल तर बसून नमाज पढण्याची मुभा आहेच. हलकी कामे एक-दोन आठवड्यांत सुरू होतात. जड ओझे मात्र चार ते सहा आठवडे उचलू नये.

जाळीच्या किमतीवरही आपल्या माणसांनी तोड काढली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले व 2003 साली त्याचे निष्कर्ष मांडले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर झालेल्या व 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे स्वस्त कापड वर्षअखेर महागड्या जाळीच्या तोडीचे ठरले.

परंतु पोती वाहणाऱ्या हमालाची अडचण निराळीच आहे. सहा आठवडे ओझे उचलायचे नाही, तर चूल कशी पेटावी? म्हणून तो दुखणे लपवितो, आणि आतडे अडकल्यावर रात्री धावपळ होते. विश्वस्तांना आमची विनंती एवढीच की, मदत देताना रुग्णालयाच्या बिलाबरोबर त्या सहा आठवड्यांच्या शिध्याचाही विचार व्हावा. आणि घरोघरच्या भगिनींना विनंती की, घरातील पुरुष जांघेवर हात दाबून खोकताना दिसला तर त्यास डॉक्टरांकडे न्यावे.