मारबत आणि तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर निवांत हिंडून पाहावे. सकाळी इतवारीच्या गर्दीत काळी व पिवळी मारबत समोरासमोर येतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. रोगराई आणि ईडापीडा त्यांनी सोबत न्यावी, या श्रद्धेने शेवटी त्यांचे दहन होते. परंतु विशेष पाहण्याजोगे असतात ते बडगे. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांतील खड्डे यांवरचे फलक या पुतळ्यांच्या गळ्यात असतात. ज्याच्या अर्जाला वर्षभर उत्तर मिळत नाही, तो नागरिक येथे हसतहसत जाब विचारतो. अधिकाऱ्यांनी ते फलक सावकाश वाचावेत. आपल्याच खात्याचा बडगा दिसला, तर अधिकच सावकाश. सायंकाळी लाकडी नंदी सजवून बालगोपाळ घरोघर बोजारा मागत फिरतात.