हरेली ते तान्हा पोळा : घरच्या सुतारशाळेचा एक महिना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चरोद्याच्या आसपासच्या गावांत पावसाळ्यात एक सकाळ अशी उगवते की त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे, वाकस, करवत ही सारी अवजारे घराबाहेर येतात. ती धुतली जातात, ओळीने मांडली जातात, त्यांना गंधफूल वाहिले जाते. हा छत्तीसगढचा हरेली सण. मराठी पंचांगाप्रमाणे ती आषाढी अमावास्या, येथील गणनेप्रमाणे श्रावणातील. त्याच दिवशी मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून डौलाने चालतात. पुढच्या अमावास्येला पोळा येतो. छत्तीसगढी घरांत तो 'पोरा' म्हणून साजरा होतो आणि मुलांच्या हाती मातीचा नंदीबैल येतो. नागपूर-विदर्भातून आलेल्या मराठी घरांत दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाके लावलेला, रंगवलेला, गळ्यात माळ घातलेला लाकडी बैल दोरीने ओढीत मुले घरोघर जातात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली, असे नागपुरात सांगितले जाते. छत्तीसगढही त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होते. म्हणजे मातीचा बैल आणि लाकडाचा बैल यांचे शेजारपण येथे जुने आहे.

हत्यारांची पूजा आणि लाकडी बैलाची मिरवणूक या दोन सणांमध्ये साधारणतः एक महिना असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा मधला महिना आहे. हरेलीला पूजलेली हत्यारे दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती द्यावीत आणि तान्ह्या पोळ्याला मुलाने वा मुलीने स्वतः घडवलेला बैल बाहेर पडावा, एवढीच सूचना त्यात आहे. सूचना लहान आहे, परंतु तिच्या आड येणाऱ्या गोष्टी लहान नाहीत. भिलाई-चरोद्यात विश्वकर्मा पूजेला कारखान्यांत आणि रेल्वेच्या आवारांत यंत्रांना हार चढतात, दसऱ्याला घरोघर हत्यारे पूजली जातात. तरीही शिकल्यासवरल्या घरात मुलाने रंधा हाती घेतला, तर "अभ्यास सोडून हे काय?" असाच प्रश्न येतो. हत्यार पूजेला चालते, हातात चालत नाही. या विसंगतीचा विचार हीरक महोत्सवासारख्या प्रसंगी व्हायला हवा.

प्रथम कामाचाच विचार करू. घरच्या सुतारशाळेला स्वतंत्र खोली लागत नाही. रेल्वेच्या वसाहतीतील लहान घराचा ओटाही पुरतो. एक जाड, न हलणारी फळी किंवा जुने मजबूत टेबल, त्यावर लाकूड धरून ठेवायला शिकंजा. एक बारीक दातांची करवत, एक रंधा, दोन पटाश्या, एक गुण्या, एक हातोडा, भोक पाडायला गिरमिट, एक कानस आणि धार लावण्याचा दगड. एवढ्या सामानावर बैल उभा राहतो. आपल्याकडील सुतार पूर्वापार जमिनीवर बसून पायांच्या पकडीत लाकूड धरून काम करीत आला आहे. त्याची सफाई पाहिली म्हणजे महागड्या साधनांचा आग्रह आपोआप गळून पडतो.

लाकूड कोणते घ्यावे? छत्तीसगढच्या रानांचे वैभव म्हणजे साल, ज्याला येथे सरई म्हणतात. त्याच्या कणखरपणामुळेच रेल्वेच्या रुळांखाली वर्षानुवर्षे सालाचे स्लीपर घातले गेले. परंतु शिकाऊ हातांना ते कठीण जाते. आंबा किंवा शिवण ही लाकडे हलकी, कापायला सोपी आणि बैलासाठी पुरेशी टिकाऊ आहेत. येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या स्लीपरचा तुकडा फुकट मिळाला, तरी तो मुलांच्या कामासाठी आणू नये. अनेक स्लीपरांना कीड लागू नये म्हणून क्रिओसोट पाजलेले असते आणि त्याचा भुसा त्वचेला व श्वासाला अपायकारक असतो.

आता बैल. बहुतेक मुले फळीवर बैलाचे चित्र काढतात आणि त्या रेषेवरून करवत चालवतात. बैल सुंदर दिसतो. पण तो पहिल्यांदा खाली पडतो, तेव्हा त्याचा पाय मोडतो. याचे कारण लाकडाच्या तंतूंत आहे. लाकडाचे तंतू झाडाच्या उंचीच्या दिशेने धावतात. तंतूंच्या दिशेने लाकूड बळकट असते, तंतू एकमेकांपासून सुटण्याच्या दिशेने ते दुबळे असते. फळीत तंतू आडवे, म्हणून धडाची पाठ भक्कम. पण त्याच फळीतून कोरलेल्या उभ्या पायातही तंतू आडवेच राहतात आणि तो बिस्किटासारखा तुटतो. उपाय एकच. पाय वेगळ्या तुकड्यांतून, तंतू उभे ठेवून कापावेत. पायाच्या वरच्या टोकाला कुसू काढावे, धडाला तेवढीच खाच पाडावी आणि एकात एक बसवावे. मोडलेला पाय हातात घेऊन बसलेल्या मुलाला हे एकदा उमगले की खुर्ची, खाट, बैलगाडीचे जू, दाराची चौकट या साऱ्या वस्तू तशाच का घडवल्या जातात, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून पहिला पाय मोडू द्यावा. पालकांनी धावून जाऊन तो गोंदाने चिकटवू नये.

मोजमापाचाही असाच अनुभव येतो. ३० सेंटिमीटरच्या पट्टीचे चार समान तुकडे हवे असतील, तर पाटीवर उत्तर ७.५ येते. प्रत्यक्षात करवत प्रत्येक वेळी आपल्या जाडीएवढे लाकूड भुशात घालवते. दीड मिलिमीटरच्या तीन कापांत साडेचार मिलिमीटर गेले आणि प्रत्येक तुकडा ७.४ सेंटिमीटरच्या खाली उतरला. म्हणून जाणता सुतार रेषेवर कापत नाही. तो रेषेच्या टाकाऊ बाजूने कापतो आणि राहिलेले रंध्याने किंवा कानशीने रेषेपर्यंत आणतो. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, हे कळल्यावर मूल कापण्यापूर्वी दोनदा मोजू लागते. गणिताच्या वहीत चूक खोडता येते. येथे ती डोळ्यांसमोर उरते.

चाकांचा धडा तर फारच बोधप्रद आहे. जाड फांदीच्या आडव्या चकत्या कापल्या की आयती चाके मिळाली, असे वाटते. काही आठवड्यांत त्या चकत्या गाभ्यापासून कडेपर्यंत तडकतात. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आक्रसत नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडे आक्रसते आणि वर्तुळाच्या अंगाने त्याच्या सुमारे दुप्पट आक्रसते. हा ताण चकतीला सोसत नाही. बैलगाडीचे चाक घडवणाऱ्या सुताराने हे फार पूर्वी ओळखले होते. म्हणूनच त्याने तुंबा, आरे आणि पुट्ठे वेगवेगळे करून चाक जोडले आणि लोहाराने त्यावर लोखंडी धाव तापवून चढवली. धाव थंड होताना आवळली जाते आणि सारे सांधे घट्ट धरते. रेल्वेच्या जुन्या चाकांवरही पोलादी पट्टा असाच तापवून बसवीत असत. भिलाईच्या यार्डात आयुष्य घालवलेल्या आजोबांजवळ नातवाने हा विषय काढावा. गावातील सुतार-लोहाराची विद्या आणि रेल्वेची विद्या यांचे नाते त्याला घरातच समजेल.

लाकूड आक्रसते तसे फुगतेही. वैशाखात ज्या दारांत फटी दिसतात, तीच दारे श्रावणात चौकटीत अडकून बसतात. हवेतील ओलावा शोषून फळी रुंदीत वाढते. म्हणून चांगला सुतार दारातील मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल ठेवतो, तिला खिळा मारून जखडत नाही. पावसाळ्याच्या या महिन्यात बैल घडवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ओल्या हवेत घट्ट बसलेले कुसू हिवाळ्यात सैल होऊ शकते.

धारेविषयी पालकांच्या मनात भीती असते आणि ती स्वाभाविक आहे. पण बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा अधिक धोक्याची असते. ती चालवायला जोर लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. पटाशीची धार साधारण २५ ते ३० अंशांच्या उतारावर, दगडावर पाणी वा तेल घालून शांतपणे लावावी. लाकूड हाताने न धरता शिकंज्यात धरावे आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवावेत. हे नियम पहिल्या दिवशी सांगावेत, रोज पाळावेत आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय काम सुरू करू नये. शेवटी बैलाला जवसाचे तेल पुसावे. विदर्भात आणि छत्तीसगढात पिकणाऱ्या या जवसाचे तेल लाकडात मुरते आणि काही दिवसांत सुकून त्यावर संरक्षक थर धरते. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्या आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

हे सारे शिक्षणच आहे, हे नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ साली हस्तकलेला प्राथमिक शाळेत स्थान मिळाले. स्वीडनमधील नेस या गावी ओटो सालोमन यांनी पुढे शिक्षकांसाठी लाकूडकामाचे वर्ग चालवले आणि देशोदेशींचे शिक्षक तेथे शिकून गेले. त्यांचा उद्देश सुतार तयार करणे हा नव्हता. सोप्याकडून अवघडाकडे जाणारे, उपयोगी वस्तूंत पूर्ण होणारे आणि सर्वस्वी मुलाच्या हातचे काम मनाला शिस्त लावते, अशी त्यांची धारणा होती.

आपल्याकडे हाच विचार वर्ध्याहून निघाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली, तीही एका शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने. त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती आणि पुढे सेवाग्रामची नयी तालीम उभी राहिली. अभ्यासाच्या जोडीला थोडी कला शिकवावी एवढेच गांधीजींचे म्हणणे नव्हते. हस्तोद्योगाच्या माध्यमातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकवावी, असा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला. वेळापत्रकात तास आला. पण परीक्षा जवळ आली की तोच तास प्रथम गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो, हे शिक्षकांनी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

असे का झाले? कागदावरील योजना अपुऱ्या होत्या म्हणून नव्हे. बारा बलुतेदारांत सुतार होता, लोहार होता. त्यांच्यावाचून गावाचे नांगर चालत नव्हते. तरीही ती विद्या जन्माने बांधली गेली. ज्यांच्या घरी ती होती त्यांना अक्षर मिळाले नाही आणि ज्यांना अक्षर मिळाले त्यांनी हात लावला नाही. पुढे शाळा सर्वांसाठी उघडल्या. सुताराचा मुलगा शाळेत आला. पण बापाकडून शिकलेली तंतूंची, सांध्यांची, धारेची जाण त्याला वर्गाबाहेरच ठेवावी लागली. त्या ज्ञानाला गुण नव्हते. फांदीची चकती का तडकते, हे वर्गात एकट्या त्यालाच ठाऊक असेल, आणि तोच मागच्या बाकावर मान खाली घालून बसला असेल. शाळेकडून घडलेला हा अन्याय मोठा होता, आणि तो कुणी हेतुपुरस्सर केला नाही म्हणून लहान ठरत नाही.

मुलींच्या बाबतीतही असेच घडले. पोळपाट-लाटणे मुलीच्या हाती लवकर येते, पण तो पोळपाट घडवणारी हत्यारे तिच्यापासून दूर ठेवली जातात. करवतीला जोरापेक्षा सरळ नजर आणि सावकाश लय अधिक लागते. या महिन्यात घरातील मुलगा बैल करीत असेल, तर मुलीने शेजारी बसून केवळ तो रंगवू नये. तिचाही स्वतंत्र बैल असावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्यास सांगितले आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडे मुलांनी शिकावे, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. चरोद्यासारख्या गावात यासाठी दूर जावे लागत नाही. हरेलीनंतरच्या पहिल्या आठवड्यात परिसरातील एखाद्या वयोवृद्ध सुताराला सन्मानाने शाळेत बोलवावे. त्यांना मानधन द्यावे. इतर अध्यापकांप्रमाणे त्यांची ओळख करून द्यावी आणि मुलांनी त्यांना 'गुरुजी' म्हणावे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळेच्या पटांगणात ओबडधोबड, वाकड्या शिंगांचे, एखादा पाय आखूड असलेले बैल ओळीने उभे राहतील. दुकानातील गुळगुळीत बैल त्यांत नसावा. सजावटीसाठी बक्षीस ठेवण्यापेक्षा प्रत्येक मुलाने आपला बैल हाती घेऊन, कोठे चुकले आणि ती चूक कशी सुधारली, हे दोन मिनिटांत सांगावे. ऐकायला ते सुतार गुरुजी पहिल्या रांगेत असावेत.

साठ वर्षांत या शाळेने अनेकांच्या हाती लेखणी दिली. यंदाच्या हरेलीला त्या लेखणीशेजारी एक रंधाही मांडला जावा, आणि दुसऱ्या दिवशी तो उचलला जावा, ही विनंती.